मोर्च्यातून थेट लॉकअपमध्ये: वाचकांचे प्रश्न, वकील आणि डॉक्टरांची उत्तरं

आंदोलनात पकडलेल्या कार्यकर्त्यांना पोलीस कोठडीत मारहाण होऊ नये, झालीच तर ती दडपली जाऊ नये, यासाठी काय करता येतं असं विचारणारी बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न घेतले आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. खाली नुसतं ‘कलम’ म्हटलं असेल तिथे याच संहितेचं कलम समजावं.

प्रश्न: मोर्च्यातून आमच्या दोन कार्यकर्त्यांना गाडीत घालून नेलं. ठाण्यात गेलो तर ‘इथे कुणी आणलेलं नाही’ म्हणतात. पहिल्या काही तासांत काय करायचं?

मारहाणीचा सर्वांत मोठा धोका कागदावर अटक दाखवण्याआधीच्या तासांत असतो. उचललं दुपारी दोनला आणि अटक दाखवली रात्री अकराला, तर मधले नऊ तास कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात. म्हणून पहिलं काम म्हणजे ‘दोन वाजता नेलं’ ही गोष्ट लगेच, लेखी आणि वेळेसकट कुठेतरी नोंदवून ठेवायची.

११२ वर फोन करा आणि कॉलची वेळ टिपून ठेवा. लगोलग पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, जिल्हा नियंत्रण कक्ष आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांना एकच ईमेल पाठवा. त्यात निषेध नको, विशेषणं नकोत. नाव, वय, कुठून नेलं, किती वाजता, गाडीचा नंबर, नेणाऱ्यांच्या छातीवरच्या पट्टीवरची नावं, अंगावरचे कपडे, चालू असलेली औषधं, आणि ‘नेताना अंगावर कोणतीही जखम नव्हती’ हे वाक्य. हे शेवटचं वाक्य लोक हमखास विसरतात. नंतर जखमा दिसल्या की ‘मोर्च्यातल्या धक्काबुक्कीत पडला’ हे उत्तर ठरलेलं असतं. त्याला तोड म्हणजे मोर्च्यातला शेवटचा व्हिडिओ, ज्यात तो माणूस नीट चालताना, हात वर करून घोषणा देताना दिसतो. असा व्हिडिओ ज्याच्या फोनमध्ये असेल त्याला मूळ फाइल जपून ठेवायला सांगा. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीत चित्र दाबलं जातं आणि मूळ फाइलमधली तारीख-वेळेची माहिती बहुधा गळून पडते. न्यायालयात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, तेही मूळ फोनवाल्यानेच देणं सोयीचं.

ठाण्यात अर्ज घेऊन जा आणि ठाणे अंमलदाराकडे पोच मागा. पोच देत नसतील तर हुज्जत घालत बसू नका. बाहेर येऊन तोच अर्ज ईमेल आणि स्पीड पोस्टने पाठवा. कलम ३७ नुसार अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचं असतं. फलक कोरा असेल तर त्याचा फोटो काढता आल्यास काढा, नाहीतर वेळ लिहून ठेवा. वकील सोबत असेल तर कलम ३८ दाखवून भेट मागेल. वकील नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ताब्यात असल्याचंच नाकारत असतील तर चोवीस तास उलटायची वाट पाहू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका (‘माणसाला न्यायालयासमोर हजर करा’ अशी मागणी) करता येते, आणि ती नातेवाइकानेच करावी असं नाही, मित्रही करू शकतो. केरळमधलं राजन प्रकरण याच मार्गाने उघडकीस आलं. आणीबाणीत, मार्च १९७६ मध्ये, कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पोलिसांनी या विद्यार्थ्याला नेलं आणि कक्कयमच्या छावणीत त्याचा अंत झाला. १९७७ मध्ये वडिलांनी याचिका केली तेव्हा सरकारने आधी अटकच नाकारली. पण नेताना पाहणारे साक्षीदार उभे राहिले, आणि मुख्यमंत्री करुणाकरन यांना पायउतार व्हावं लागलं. मॅजिस्ट्रेटने एकदा रिमांड दिला की हेबियस कॉर्पसचा उपयोग सहसा होत नाही, म्हणून ती करायची तर लवकर करावी.

प्रश्न: पोलीस म्हणतात, ‘अटक नाही, फक्त ताब्यात घेतलंय.’ मग चोवीस तासांचा नियम लागू होतो का?

होतो. माणसाला उठून जायची मुभा नसेल तर ती अटकच, मग कागदावर काहीही लिहा. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच हे स्पष्ट केलं आहे की अटकेची वेळ ही स्वातंत्र्य हिरावल्याची वेळ, तपासी अधिकाऱ्याने लिहिलेली वेळ नव्हे. अनुच्छेद २२(२) आणि कलम ५८ मधले चोवीस तास तिथूनच मोजायचे, फक्त प्रवासाचा वेळ वगळून. वरच्या ईमेलचं महत्त्व इथे पुन्हा दिसतं.

आंदोलकांवर बहुधा कलम १७० (दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी अटक) किंवा कलम १७२ (पोलिसांचा आदेश न मानल्याबद्दल ताबा) लावतात. दोन्हींत चोवीस तासांपलीकडे ठेवायचं तर मॅजिस्ट्रेटकडे जावंच लागतं. राष्ट्रीय सुरक्षा कायदा किंवा महाराष्ट्रातला १९८१ चा एमपीडीए (धोकादायक कारवायांना प्रतिबंध करणारा कायदा) यांखालची स्थानबद्धता मात्र वेगळी. तिथे चोवीस तासांचा नियम अनुच्छेद २२(३) मुळे लागू होत नाही. पण अशा माणसाची रवानगी तुरुंगात करायची असते. स्थानबद्धतेचा आदेश हातात ठेवून त्याला ठाण्यात बसवून चौकशी चालली असेल, तर त्यावर तातडीने हरकत घ्या.

स्त्री कार्यकर्तीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक स्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

प्रश्न: अटकेच्या कागदांत काय बघायचं?

अटक मेमोवर तारीख आणि वेळ असली पाहिजे, घरच्यापैकी किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही (कलम ३६). वेळ चुकीची असेल तर सही करताना शेजारी खरी वेळ लिहायची. लिहू देत नसतील तर ती हरकत मॅजिस्ट्रेटसमोर सांगायची. अटकेची कारणं वेगळ्या कागदावर लेखी मिळाली पाहिजेत. यूएपीएच्या (बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायद्याच्या) प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ खटल्यात हे बंधनकारक केलं. नोव्हेंबर २०२५ च्या मिहिर शाह निकालाने ते सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं: आरोपीला समजणाऱ्या भाषेत, आणि लगेच देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी. म्हणजे वकिलाला वाचायला वेळ मिळतो. रिमांडची वेळ दुपारी तीन असेल आणि कागद पावणेतीनला हातात पडला, तर ते तिथल्या तिथे सांगा.

प्रश्न: वैद्यकीय तपासणीत डॉक्टर पोलिसांसमोरच ‘काही त्रास?’ विचारतात आणि ‘जखम नाही’ लिहून मोकळे होतात. यावर उपाय?

कोठडीतल्या मारहाणीची प्रकरणं सर्वांत जास्त इथे फसतात, म्हणून हे उत्तर लांबेल.

कलम ५३ खाली अटकेनंतर लवकरात लवकर सरकारी डॉक्टरने तपासायचं, अंगावरच्या जखमा आणि त्या अंदाजे केव्हा झाल्या हे लिहायचं आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला द्यायची. प्रत मागणं हा हक्क आहे, मेहरबानी नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालानुसार कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी तपासणी व्हायला हवी. स्त्रीची तपासणी महिला डॉक्टरनेच, किंवा तिच्या देखरेखीखाली करायची.

छळाच्या वैद्यकीय तपासणीसाठी इस्तंबूल प्रोटोकॉल हा संयुक्त राष्ट्रसंघाचा मान्य दस्तऐवज आहे (१९९९, सुधारित २०२२). त्याप्रमाणे पोलीस खोलीत असू नयेत, आणि ते बाहेर गेलेच नाहीत तर डॉक्टरने अहवालात तसं लिहावं. एवढी एक ओळ लिहिली तरी डॉक्टरची बाजू राहते आणि ‘तक्रार नाही’ या शेऱ्याची किंमत न्यायालयाला कळते. डॉक्टर वाचकांनी हे जरूर करावं.

अटक झालेल्याने आणि वकिलाने काय सांगायचं? ‘मारलं’ एवढं पुरत नाही. कशाने, कुठे, किती वाजता आणि आता काय दुखतं, काय करता येत नाही, ते सांगायचं. पूर्ण कपडे उतरवून पाठ, नितंब, मांड्यांचा मागचा भाग आणि तळपाय पाहायला सांगायचं, कारण मार तिथेच असतो आणि ओपीडीच्या तपासणीत नेमकं तेच राहून जातं.

लाठी किंवा रॉडच्या ताज्या वळाला स्वतःची खूण असते: दोन समांतर लाल रेषा आणि मधली पट्टी फिकी. फटक्याखालचं रक्त बाजूला ढकललं जातं आणि कडेच्या सूक्ष्म वाहिन्या फुटतात, म्हणून असं दिसतं. पडल्याने असा वळ उठत नाही. रेषांमधलं अंतर मोजून लिहिलं तर वस्तूच्या जाडीचा अंदाज येतो. सावळ्या त्वचेवर वळ चटकन दिसत नाही, तेव्हा बाजूने तिरका प्रकाश टाकून पाहावं आणि हात फिरवून सूज, दुखरेपणा तपासावा. खोलवरचा मार पहिल्या दिवशी दिसतही नाही. एक-दोन दिवसांनी रंग वर येतो, कधी मूळ जागेच्या खाली सरकून. म्हणूनच पहिल्या दिवशीचं ‘जखम नाही’ हे अंतिम उत्तर मानू नका, दुसऱ्या तपासणीचा अर्ज करा. रंगावरून जखमेचं वय सांगण्याच्या फंदात डॉक्टरांनी फारसं पडू नये. एवढंच खात्रीने म्हणता येतं की पिवळेपणा दिसत असेल तर जखमेला साधारण अठरा तास तरी झालेत.

फोटो तीन पातळ्यांवर: चेहऱ्यासकट पूर्ण शरीर, मग तो अवयव, मग जखम जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून आणि कॅमेरा सरळ समोर धरून. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

काही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. तळपायावर मार असेल तर सूज घोट्यापर्यंत चढते, टाच टेकवत नाही, आणि एक्स-रे साफ निघू शकतो. साफ एक्स-रे म्हणजे मार नाही, असं नव्हे. कानशिलात मारल्याने पडदा फाटतो. तो काही आठवड्यांत आपोआप भरून येतो आणि पुरावा जातो, म्हणून ऐकू कमी येत असेल किंवा कानातून पाणी-रक्त येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे त्याच आठवड्यात न्यायची मागणी करा. हात मागे बांधून टांगलं असेल तर खांद्याजवळच्या मज्जातंतूंना इजा होऊन हात वर उचलत नाही, बोटं बधिर होतात.

आता जिवावर बेतणारी गोष्ट. बराच वेळ मांसल भागावर मार बसला की स्नायू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंड बंद पडू शकतं. लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची होते, प्रमाण घटतं. बाहेरून माणूस बरा दिसतो आणि दोन दिवसांत कोसळतो. लघवीचा रंग बदलल्याचं कळताच तातडीने रुग्णालयात नेऊन सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी), क्रिएटिनिन आणि पोटॅशियम या रक्तचाचण्या मागा. सीपीके पहिल्या एक ते तीन दिवसांत सर्वाधिक असतं, नंतर उतरतं. जीव वाचवणारी ही चाचणी पुरावाही ठरते. कुटुंबाला भेट मिळाली तर पहिल्या पाच मिनिटांत लघवीचा रंग विचारा, बाकी गोष्टी नंतर.

प्रश्न: मॅजिस्ट्रेटसमोर जेमतेम दोन मिनिटं मिळतात. त्यात काय बोलायचं?

शीला बर्से खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगितलं आहे की अटक झालेल्याला कोठडीत छळ झाल्याची तक्रार आहे का, हे मॅजिस्ट्रेटने स्वतःहून विचारायचं, आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हेही सांगायचं. मुंबईच्या लॉकअपमधल्या स्त्रियांच्या मारहाणीवरून निघालेला हा निकाल आहे. प्रत्यक्षात प्रश्न घाईत, रकाना भरल्यासारखा विचारला जातो, आणि शेजारी उभा असलेला हवालदार परत त्याच लॉकअपला नेणार असतो. माणूस ‘नाही’ म्हणतो.

म्हणून वकिलाने तोंडी बोलण्यावर न थांबता दोन परिच्छेदांचा अर्ज तयार ठेवावा: मारहाणीचा थोडक्यात तपशील आणि चार मागण्या. जखमा न्यायालयाने स्वतः पाहून रोजनाम्यात (न्यायालयाच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंदवाव्यात, दुसऱ्या रुग्णालयात तपासणी व्हावी, ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण जपण्याचा आदेश व्हावा, आणि पोलीस कोठडीऐवजी न्यायालयीन कोठडी मिळावी. पोलीस कोठडी द्यावीच लागली तर वकिलाच्या भेटीची वेळ आदेशात लिहून घ्यावी. कलम ३८ मध्ये चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क आहे, चौकशीच्या पूर्ण वेळेत नाही. वेळ ठरलेली नसेल तर तो ‘साहेब बाहेर गेलेत’वर संपतो. त्याच दिवशी रोजनाम्याच्या नकलेसाठी अर्ज करा. नोंद नसेल तर नोंद झाली नाही हेही पुरसीस (लेखी निवेदन) देऊन रेकॉर्डवर आणा.

पोलीस कोठडीसाठी माणसाला प्रत्येक वेळी प्रत्यक्ष उभं करावं लागतं (कलम १८७). व्हिडिओवरची हजेरी फक्त न्यायालयीन कोठडी वाढवण्यापुरती चालते. पडद्यावर कोणाच्या तळपायाची सूज दिसत नाही, त्यामुळे इथे सवलत देऊ नका.

प्रश्न: नव्या कायद्यात पोलीस कोठडी वाढली का?

एकूण पंधरा दिवसच, पण ते आता तुकड्यांत आणि (गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार) पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत केव्हाही घेता येतात. पूर्वी पहिले पंधरा दिवस सरले की त्या गुन्ह्यात पुन्हा पोलीस कोठडीची भीती नसे. आता तुरुंगात गेलेला माणूसही परत ठाण्यात येऊ शकतो, आणि तक्रार केलेल्याला ते चांगलंच ठाऊक असतं. आमच्या मते नव्या संहितेतला हा सर्वांत चिंतेचा बदल आहे. दर वेळी परत नेताना आणि आणताना वैद्यकीय तपासणीची मागणी करणं एवढा बचाव हाती आहे. यूएपीएमध्ये पंधराऐवजी तीस दिवस आहेत. त्या कायद्याखाली तुरुंगातून पोलीस कोठडी मागायची तर तपासी अधिकाऱ्याला कारणं आणि उशिराचं स्पष्टीकरण देणारं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते वाचल्याशिवाय युक्तिवादाला उभं राहू नका.

प्रश्न: कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. आता तो कबुलीजबाब ठरेल का?

पोलिसांसमोरची कबुली साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मुळे पुराव्यात येत नाही. येते ती फक्त तिच्यामुळे सापडलेल्या वस्तूपुरती, त्यामुळे खोटे जप्ती पंचनामे हा खरा धोका. मकोका (महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागला असेल तर गणित बदलतं: तिथे अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य आहे. सह्या घेतल्याचं पुढच्याच हजेरीला, किती कागद आणि कुठल्या दिवशी, हे लेखी सांगा. मॅजिस्ट्रेटसमोर कबुलीसाठी नेलं आणि माणसाने नकार दिला, तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत देता येत नाही (कलम १८३). हे त्याला आधी माहीत असणं फार गरजेचं आहे.

प्रश्न: नार्को चाचणी जबरदस्तीने करता येते?

नाही. सर्वोच्च न्यायालयाचा सेल्वी खटला, २०१०. पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंगलाही तेच लागू. संमती मॅजिस्ट्रेटसमोर आणि वकिलाच्या उपस्थितीत नोंदवावी लागते.

प्रश्न: सीसीटीव्ही चित्रण मागितलं की ‘कॅमेरा बंद होता’ म्हणतात.

सर्वोच्च न्यायालयाचा परमवीर सिंग सैनी निकाल (डिसेंबर २०२०) सांगतो की प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, स्वच्छतागृहाबाहेरची जागा, सगळीकडे आवाजासह, रात्रीही दिसेल असे कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने जपायचं, तशी साधनं नसतील तर किमान वर्षभर. एनआयए, सीबीआय, ईडी यांच्या चौकशीच्या जागांनाही हे लागू आहे. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखाची. म्हणून अर्जात नुसतं चित्रण मागू नका. कॅमेरा बंद पडल्याची नोंद आणि दुरुस्तीसाठी केलेला पत्रव्यवहारही मागा. खरंच बिघाड असेल तर तो कागद असतो. कॅमेऱ्याचं ठिकाण, तारीख आणि ‘सायंकाळी सहा ते रात्री बारा’ असा वेळेचा पट्टा लिहा. ‘त्या दिवसाचं सगळं’ मागितलं की अर्ज लटकतो.

प्रश्न: नंतर तक्रार कुठे करायची? मुदत असते का?

कबुलीसाठी दुखापत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षात जावं लागतं. राज्य आयोगाकडे प्रकरण चालू असेल तर राष्ट्रीय आयोग ते हाती घेत नाही, त्यामुळे दोन्हीकडे एकदम अर्ज टाकण्यात अर्थ नाही. पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृतीबद्दल फिर्याद करायला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे. छळ हे ‘कर्तव्य’ असूच शकत नाही असा युक्तिवाद आहे आणि तो बळकट आहे, पण सहा महिन्यांच्या आत फिर्याद टाकली तर त्या वादात पडावंच लागत नाही.

कोठडीत मृत्यू झाला तर कलम १९६ खाली मॅजिस्ट्रेटची चौकशी बंधनकारक आहे, मग ती कोठडी पोलिसांची असो वा न्यायालयीन. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीतल्या आंदोलनानंतर पकडलेल्या विधी शाखेच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. भरपाईसाठी उच्च न्यायालयात रिट करता येते. आमदार भीम सिंग यांना विधानसभेच्या अधिवेशनाला जाऊ नये म्हणून अडकवलं, तेव्हा १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पन्नास हजार रुपये द्यायला लावले होते.

छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा आपल्याकडे अजून नाही. भारताने १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, अनुसमर्थन केलेलं नाही. २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केलेलं विधेयक पुढे व्यपगत झालं.

प्रश्न: तक्रार केली तर आत आणखी मारतील, असं घरचे म्हणतात. गप्प राहणं बरं नाही का?

भीती खोटी नाही, आणि निर्णय आत असलेल्या माणसाचा आहे, बाहेरच्या संघटनेचा नाही. त्याला न विचारता पत्रकार परिषद घेऊ नका. मधला मार्ग असतो: जखमांची वैद्यकीय नोंद आणि चित्रण जपण्याचा अर्ज आज, अधिकाऱ्यांची नावं घेऊन फिर्याद तो न्यायालयीन कोठडीत गेल्यावर किंवा जामिनावर सुटल्यावर. पुरावा थांबत नाही, फिर्याद काही आठवडे थांबू शकते. तुरुंगात पोहोचताना दाखल-तपासणी होते, तिथे जखमा पुन्हा सांगायच्या आणि कागद वाचून मगच सही करायची. आत असेपर्यंत वकिलाने रोज जावं, जमल्यास दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळेला नव्हे तर वेगवेगळ्या. भेट नाकारली तर त्या दिवशीच मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.